गट्टिगा

आमच्या घरात खाली माग आणि वर आम्ही. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. टॉवेलचे चार माग सकाळी सातला सुरू व्हायचे, धोटा इकडून तिकडे आपटायला लागायचा आणि मग बोलायचं म्हणजे ओरडायचंच. घरात तेलुगू, शाळेत आणि गल्लीत मराठी, बाजारात थोडं कानडी. भाषा कुठलीही असो, आवाज एकच, मागाच्या वर चढणारा. "गट्टिगा चेप्पु," नायना म्हणायचे. नायना म्हणजे वडील. जोरात सांग. तेलुगूत गट्टि म्हणजे घट्ट, टणक, आणि मोठ्या आवाजालाही तोच शब्द. माझा आवाज त्या शब्दानं घडवला, त्यानंच एकदा मोडला, आणि आज मी जे शिकवते तेही बरंचसं त्या शब्दाशी भांडण आहे.

मी जर्मनीत पाच वर्षं ऑपेराचं गाणं शिकले, सात वर्षं ऑपेरात गायले, पुढची पाच वर्षं शिकवलं. २०१८ पासून याच घराच्या वरच्या खोलीत आवाज शिकवते. गाणं नव्हे, आवाज. यातला फरक उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

तात, म्हणजे आजोबा, करीमनगरकडून सोलापूरला आले ते इथल्या गिरण्यांमुळे. पद्मशाली समाजातली कितीतरी कुटुंबं अशीच आली आणि इथलीच झाली. पोटासाठी मुलूख सोडणं आमच्याकडे नवलाचं नव्हतं. बारावीनंतर मी मुंबईला नर्सिंगला निघाले तेव्हा अम्मानं विड्यांच्या पैशातून ट्रंक घेऊन दिली. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. त्या ट्रंकेत किती हजार विड्या होत्या याचा हिशेब मी बरीच वर्षं मनात करत असे.

हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत वसईची एक मुलगी होती. ती मला रविवारी चर्चच्या कॉयरला घेऊन गेली. चार गट, प्रत्येकाचे सूर वेगळे, आणि तरी सगळं मिळून एक. आमच्या मार्कंडेय मंदिरातल्या भजनात सगळे एकच सूर धरतात. कुणी वेगळा धरला तर तो चुकला. इथं वेगळा सूर धरणं हेच त्या माणसाचं काम होतं. मला रडू आलं, कशाचं ते तेव्हा कळलं नाही. गायला उभी केल्यावर मात्र पंचाईत झाली. कॉयरमध्ये एकट्याचा आवाज वर निघता कामा नये, आणि माझा तर सगळ्यांच्या वर निघून मागच्या भिंतीवर जाऊन आपटायचा. मला शेवटच्या रांगेत नेलं, तरी तेच. शेवटी कॉयर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तू एकटीच माझ्याकडे ये." तीन वर्षं त्यांनी मला फुकट शिकवलं: पाश्चात्त्य स्वरलिपी, इटालियन उच्चार, पियानोवर बोट ठेवून सूर ओळखणं. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस तेव्हा कुलूपबंद होतं. १९९३ मध्ये बंद पडलेलं ते २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. मी ड्यूटी संपवून त्याच्यासमोरून जायची आणि आत काय होत असे ते कल्पनेनं बघायची.

ऑपेरा म्हणजे काय हे मी सोलापुरात असं सांगते: संगीत नाटकच, पण त्यात गद्य फारच कमी, बोलणंही बहुतेक गाण्यातच, समोर खड्ड्यात पन्नास-साठ वादक, आणि गाणाऱ्याला माइक नाही. आपल्याकडेही बालगंधर्व, केशवराव भोसले ऐन भरात होते तेव्हा माइक कुठं होता? शेवटच्या बाकावरच्या माणसापर्यंत पद पोहोचवायची कला आपल्या रंगभूमीला येत होती. ती बिनकामाची झाली आणि विसरली गेली. ऑपेरानं ती चारशे वर्षं जपली.

नर्सिंगची नोकरी करून पैसे साठवले आणि २००० साली जर्मनीत संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. नापास. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शहरात पास. शिकायला फी नव्हती, पण राहायला-खायला लागतंच. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून ते भागवलं. तिथं माझ्या गुरू भेटल्या. त्याही बाहेरून आलेल्या, बल्गेरियाच्या, एके काळच्या ऑपेरा गायिका. पहिल्या दिवशी त्यांनी मला गायला लावलं आणि दोन ओळींत थांबवलं. माझ्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर, दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "श्वास घे. आता गा, पण माझे हात आत येऊ देऊ नकोस." म्हणजे श्वास सुटत असताना बरगड्या लगेच पाडायच्या नाहीत, हवा मोजून सोडायची. हे एवढंच. याला मला दीड वर्ष लागलं, कारण मागाच्या आवाजात ओरडायची सवय अशी की हवा एकदम फेकायची आणि घशानं ती अडवायची. माझा आवाज मोठा होता, पण तो हाणामारीचा आवाज होता.

भाषेचं मात्र उलटं झालं. इटालियनमधला त म्हणजे अगदी आपला त, जीभ दातांना टेकवून, श्वासाचा फुसकारा न सोडता. वर्गातल्या जर्मन मुलींच्या तोंडून त्याचा अर्धवट थ व्हायचा. आपल्याला त आणि थ, क आणि ख हे लहानपणीच वेगळे करून मिळालेले असतात. जर्मन भाषेत एक अक्षर आहे, त्याचा उच्चार आपल्या चमच्यातल्या च सारखा, चहातल्या च सारखा नव्हे. माझ्या बाईंनी ते माझ्याकडून चारचौघांत म्हणवून घेतलं होतं. परदेशात पहिली दोन वर्षं मला ज्या एका गोष्टीनं ताठ मानेनं उभं केलं ती म्हणजे मराठी शाळेतली बाराखडी.

आणि मग ती गोष्ट कळली जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. वाद्यवृंदाचा जोर सगळ्यात जास्त असतो तो साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास. वर जावं तसा तो उतरत जातो. घसा ताणून त्या जोराशी झुंजलं तर गाणारा हरणारच. शिकलेला गायक झुंजत नाही. स्वरतंतूंच्या लगेच वर जी छोटी पोकळी आहे तिला तो असा आकार देतो की ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजात एक धार येते. तिथं वाद्यवृंद फार नसतो. म्हणजे गर्दीतून वाट काढायची नाही, रिकाम्या गल्लीतून जायचं. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकानं हे मोजून मांडलं आहे. माझ्यासारख्या मधल्या पट्टीच्या बायकांच्या आवाजात ती धार पुरुषांइतकी ठळक नसते, पण असते. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी ती माझ्या आवाजात आली. काचेच्या पेल्याच्या कडेवर ओलं बोट फिरावं तसं कपाळात काहीतरी वाजलं. बाई पियानो थांबवून म्हणाल्या, "हे विसरू नकोस." मी तेव्हा कमी दमाने गात होते, आणि जास्त लांब ऐकू जात होते.

नंतरची सात वर्षं एका लहान शहराच्या नाट्यगृहात. जर्मनीत अशी सरकारी पैशावर चालणारी नाट्यगृहं गावोगावी आहेत, पगारी गायकांचा कायमचा ताफा असतो. मी मेझो-सोप्रानो, म्हणजे मधल्या पट्टीची गायिका, त्यामुळे नायिका क्वचित. मैत्रीण, दासी, जिप्सी, किंवा चक्क मुलगा. नाताळ आला की हुंपरडिंकच्या ऑपेरातला हेन्झेल मीच, अर्धी चड्डी घालून. आपल्याकडे पुरुष लुगडं नेसून गात होते, तिकडे बायका मुलग्याच्या वेशात गातात. पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधली दासी सुझुकी मी इतक्यांदा केली की जपानी गुडघेबैठक अजून अंगात आहे. आशियाई चेहरा म्हणून ती वाट्याला येते हे मला कळत होतं. वाईट वाटायचं, पण गाण्यात कसर ठेवली नाही. रात्री प्रयोगानंतर खोलीवर आले की शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा तुकडा. अम्मा पार्सलनं पाठवायची.

दर रविवारी नायनांना फोन. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. "गट्टिगा, गट्टिगा!" ते म्हणत आणि मी तासभर फोनवर ओरडत असे. शेजारच्या बाईनं एकदा दार वाजवून भांडण चाललंय का म्हणून विचारलं.

तिकडे रंगभूमीवरचा करार ठरावीक मुदतीचा असतो. तो पुढे वाढवायचा नसेल तर त्याची सूचना ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायची, असा नियम आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नाट्यगृहात कुणी मोठ्यानं हसत नाही. नवा संचालक आला की तो आपली माणसं आणतो. २०१२ च्या ऑक्टोबरात मला पत्र आलं. त्यात माझ्या गाण्याबद्दल वाईट एक अक्षर नव्हतं. कलात्मक दिशा बदलते आहे, एवढंच. रहिवासाचा कायमचा परवाना तोवर मिळाला होता, म्हणून देश सोडावा लागला नाही. पण उन्हाळ्यात नोकरी संपणार होती. मी वेड्यासारखी ऑडिशन देत सुटले, तीन महिन्यांत अकरा, रात्रीच्या गाड्या पकडून, सर्दी अंगावर काढून. मार्चमध्ये एका ऑडिशनला वरचा सूर लागलाच नाही. नुसती हवा आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर एकेक गाठ, खसखशीच्या दाण्याएवढी. नर्स म्हणून मी लोकांच्या शरीराच्या आतलं पुष्कळ पाहिलं होतं. स्वतःचा आवाज असा पांढरा, ओला, उघडमीट करताना पाहणं वेगळं. डॉक्टर म्हणाले, हे पाहायची युक्ती एका गाणाऱ्याचीच. मान्वेल गार्सिया, स्पॅनिश. १८२५ मध्ये वडिलांच्या मंडळीबरोबर न्यूयॉर्कला जाऊन ऑपेरात गायला, तरुणपणीच रंगमंच सोडला आणि पॅरिसमध्ये, पुढे लंडनमध्ये आवाज शिकवत राहिला. १८५४ मध्ये त्यानं दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं ऊन आत पाडलं आणि स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. १९०६ मध्ये वारला तेव्हा तो १०१ वर्षांचा होता. रंगमंच तरुणपणी सुटला, पण आयुष्य केवढं पुढे होतं! ती गोष्ट ऐकताना मी आधी गाठी विसरले आणि मग घरी जाऊन खूप रडले.

ऑपरेशन लागलं नाही. काही दिवस पूर्ण मौन, मग वाचा-उपचार. उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही दिवसभर कशा बोलता, ते मला दाखवा." मी बोलले. त्या म्हणाल्या, "तुमचं गाणं घशाला त्रास देत नाही, तुमचं बोलणं देतं." बारा वर्षं मी गाण्याचा श्वास शिकले, आणि बोलताना अजून मागाच्या खोलीतच उभी होते. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. जोर लावला की तो आपटाच वाढतो. अकरा ऑडिशन, सर्दी आणि रात्रीच्या गाड्या होत्याच, पण मुळाशी गट्टिगा होतं.

सहा महिन्यांत गाठी विरल्या. आवाज परत आला, पण ऑडिशनची इच्छा परत आली नाही. मला त्या वाचा-उपचाराच्या खोलीत बसायचं होतं, खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला. शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि नगरपालिकेच्या संगीतशाळेत लागले. ती वर्षं शांत गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एवढंच, की शिकवायला लागल्यावर पहिलं वर्ष मी सगळ्यांना माझाच आवाज देऊ पाहत होते, आणि एका चौदा वर्षांच्या मुलानं "हे मला दुखतं" म्हटलं तेव्हा थांबले.

अम्मा २०१८ च्या जानेवारीत गेली, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. नायना एकटे. मी परत आले ते चार महिन्यांसाठी म्हणून.

आल्यावर आधी त्यांचे कान तपासले. तपासणीचा आलेख हातात आला तेव्हा मी तिथल्या बाकावरच बसले. खालच्या सुरांची रेघ बरी होती. २००० हर्ट्झनंतर ती उतरायला लागली, ३००० ला खाली, ४००० ला तर खड्डाच. मागावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान असेच जातात, आधी त्याच टापूत. म्हणजे माझ्या आवाजातली जी धार मिळवायला मी तीन वर्षं घासले, ती नेमकी नायनांच्या कानाला उरलेल्या हद्दीच्या बाहेर होती. त्या रात्री त्यांनी हट्ट धरला, काय गात होतीस ते एकदा म्हण. मी खोलीभर आवाज केला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "दुरून येतंय," म्हणाले. मग मी अम्मा म्हणायची ती तेलुगू अंगाई धरली, खर्जात, अगदी हळू, आणि त्यांनी मांडीवर ताल धरला.

चार महिन्यांची सात वर्षं कशी झाली याचं उत्तर त्या आलेखात आहे. ज्या घरांत बापाला ऐकू येत नाही त्या घरांतली पोरं ओरडूनच बोलतात, आणि ती मोठी होऊन शिक्षक, नर्स, भाजीवाल्या, कंडक्टर होतात. माझ्याकडे पहिली आली ती जिल्हा परिषदेच्या शाळेवरची शिक्षिका. "अक्का, माझा घसा शनिवारपर्यंत टिकेना," म्हणाली. मग ऑर्केस्ट्रात गाणारी मुलगी, लता मंगेशकरांच्या पट्टीत छातीचा आवाज वर ओढणारी. एक कीर्तनकार. आवाज फुटलेला नववीतला मुलगा, ज्याला घरचे बाईसारखा बोलतो म्हणून हिणवत.

पियानो नाही. एक कीबोर्ड आणि अम्माची हार्मोनियम. सुरुवात पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून सूर धरण्यानं होते. तोंड जवळजवळ बंद असलं की वरून हवेचा उलटा दाब मिळतो, स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात. मग ओठ फुरफुरवणं. मोठी माणसं आधी लाजतात. खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध घ्या, बरं वाटतं. पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर पोटात गेलेल्या पाण्यानं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे मी रोज सांगते. घसा बसला की लोक कुजबुजतात. तेही नको, त्यानंही बऱ्याच जणांचा घसा आवळला जातो. रात्री दहाला झणझणीत जेवून आडवं होणं थांबवलं तरी कितीतरी आवाज सकाळी स्वच्छ होतात. कुणाचा आवाज पंधरवड्याहून जास्त बसलेला असला तर मी शिकवत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवते. विड्या वळणाऱ्या बायकांना तर हमखास.

आणि शेवटची परीक्षा नायनांची. कानाचं यंत्र त्यांना आणलं आहे, पण ते बहुतेक वेळ डबीतच असतं. विद्यार्थ्यानं त्यांच्यासमोर बसायचं आणि एक वाक्य सांगायचं, न ओरडता. पहिल्यांदा सगळे ओरडतात. नायना कानावर हात ठेवतात, कारण अशा कानांना हळू आवाज पोहोचत नाही आणि मोठा सोसत नाही. शिवाय ओरडल्यानं फुगतात ते स्वर. त्यांच्यापर्यंत न पोहोचणारी असतात ती व्यंजनं, स, श, फ. ती घशानं मोठी होत नाहीत, ओठ, जीभ आणि दातांनी होतात. मग तोंड त्यांच्याकडे करायचं, सूर खाली आणायचा, अक्षर न अक्षर सोडवून सांगायचं, वाक्याच्या शेवटी आवाज गिळायचा नाही. माझ्या बल्गेरियन बाई रंगमंचावरच्या शब्दांसाठी हेच करून घ्यायच्या.

ती जिल्हा परिषदेची शिक्षिका तीन वेळा हरली. परवा गुरुवारी शाळा सुटल्यावर आली, पाणी प्यायली, नायनांच्या समोर पाट ओढून बसली. खाली आता शेजाऱ्यांनी चालवायला घेतलेले दोन माग सुरूच होते. तिनं एकदा श्वास घेतला, बरगड्या धरून ठेवल्या आणि वर्गातला आवाज बाजूला ठेवून म्हणाली, "तात, पाणी उद्याऐवजी आजच सुटणार आहे. साडेसहाला."

नायनांनी तिच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पिंप रिकामं आहे का बघायला खाली गेले.